एकाच बांधावरचे तीन गोळे: भूकंदुकाच्या आतल्या गराविषयी

ताई, तुमचे फोटो आणि सोबतचा मजकूर दोन-तीनदा पाहिला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. अमळनेर तालुक्यात ताईंच्या शेताच्या बांधावर, निंबाखाली, मृगाचा पाऊस पडल्यावर आठवड्याभरात लिंबाएवढे पांढरे गोळे उगवले. त्यांनी विळीवर तीन गोळे चिरले. पहिला आतून पनीरसारखा पांढराशुभ्र निघाला. दुसरा हिरवट-पिवळा, ओलसर आणि वास मारणारा. तिसऱ्याला विळी लागताच तपकिरी भुकटी उडाली. त्यांनी विचारलंय की या तीन वेगळ्या जाती आहेत का, आतल्या त्या पांढऱ्या भागाला काय म्हणतात, तो खाता येतो का, आणि शाळेतली पोरं जुने गोळे पायाखाली फोडून धूर उडवतात त्याने काही होतं का. शिवाय सासऱ्यांना काळजी, की ही भुकटी कपाशीवर जाऊन बुरशी लागेल.

मी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात उभं आयुष्य घालवलं, आणि त्यातला बराच काळ सातपुड्याच्या पायथ्याशी अळंब्या गोळा करण्यात गेला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीन जाती नाहीत, बहुधा एकाच जातीची तीन वयं आहेत. 'बहुधा' का म्हटलं ते शेवटी सांगतो.

या गोळ्यांना मराठीत पुस्तकी शब्द भूकंदुक, म्हणजे जमिनीतला चेंडू. आपल्याकडे लोक त्यांना वेगळं नाव न देता सगळ्यांना मिळून कुत्र्याची छत्रीच म्हणतात, पण छत्री आणि गोळा यांत मोठा फरक आहे आणि तो आतल्या भागातच आहे. त्या भागाला शास्त्रात ग्लेबा म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ ढेकूळ. काळ्या रानात नांगरटीनंतर निघतं तेच ढेकूळ. मी वर्गात त्याला सरळ 'गर' म्हणायचो, कारण बेलफळात कवचाच्या आत गर असतो तशीच याची मांडणी: बाहेर आवरण, आत गर. बेलाच्या गरात बिया असतात, इथे बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण असतात. बेलाचा गर बियांभोवती तसाच राहतो, हा गर मात्र स्वतः विरघळून नाहीसा होतो आणि मागे फक्त बीजाणू उरतात. तुमच्या तीन गोळ्यांची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

पहिला गोळा घ्या. नुसत्या डोळ्यांना तो पनीरसारखा सलग दिसतो, पण पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की तो सलग नसतो. बारीक बारीक कप्प्यांची जाळी दिसते, आणि प्रत्येक कप्प्याच्या भिंतीला आतून गदेच्या आकाराच्या पेशी दाटीने लागलेल्या असतात. या गदेच्या टोकावर बीजाणू धरतात, बहुतेक वेळा चार. शेणाच्या उकिरड्यावर येणारी छत्री उलटी करून पाहा, खाली पंख्यासारख्या पट्ट्या दिसतात. त्या पट्ट्यांवरही हीच गदा असते. फरक एवढाच, की छत्रीची गदा उघड्यावर असते आणि भूकंदुकाची बंद खोलीत.

आता छत्रीतली गदा काय करते ते ऐका, म्हणजे गोळ्याचं वेगळेपण लक्षात येईल. छत्रीत प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक अतिसूक्ष्म थेंब तयार होतो. तो बीजाणूच्या अंगावरच्या पाण्यात मिसळतो त्या क्षणी बीजाणू झटक्यात उडतो. दोन पट्ट्यांच्या मधल्या हवेत तो जेमतेम पोहोचतो आणि मग खाली पडत वाऱ्याला लागतो. त्यासाठी समोर मोकळी हवा लागते. गोळ्यात ती नाही. तिथे बीजाणू उडाला तरी समोरच्या भिंतीवर आपटणार. म्हणून या मंडळींच्या वंशात बीजाणू उडवण्याची सोय उत्क्रांतीत गळून पडली. छत्रीतला बीजाणू देठावर तिरका बसलेला असतो, झेपेच्या तयारीत. भूकंदुकाचा बीजाणू देठावर सरळ बसतो. मला हा बारकावा फार आवडतो: एका बीजाणूच्या बसण्यावरून सांगता येतं की त्याच्या पूर्वजांनी उडी मारणं सोडलं.

उडी सोडली म्हणजे बाहेर पडण्यासाठी दुसरं कुणी तरी हवं. पाऊस, वारा, माशी, जनावराचा पाय. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोळ्यात त्याचीच तयारी दिसते.

दुसरा गोळा, हिरवट, ओला आणि वास मारणारा. तो सडलाय असं तुम्ही लिहिलंत. त्याला सडणं म्हणू नका. बीजाणू पिकले की गदा आणि कप्प्यांच्या भिंती स्वतःच्याच विकरांनी (एन्झाइमांनी) विरघळू लागतात. त्यांच्यातलं पाणी सुटतं, गर लगद्यासारखा होतो आणि पिकत्या बीजाणूंचा रंग वर येतो: आधी पिवळा, मग शेवाळी, मग तपकिरी. या काळात येणारा वास बऱ्याच जणांना मुतारीसारखा वाटतो. भूकंदुकांच्या गरात युरिया साठतो हे शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. पांढऱ्यापासून भुकटीपर्यंतचा हा प्रवास उन्हाच्या उघडिपीत काही दिवसांत उरकतो. तुम्ही तीन गोळे एकाच दिवशी चिरलेत म्हणून तिन्ही अवस्था एका ताटात आल्या. एकच गोळा रोज पाहिला असता तर हा प्रश्नच पडला नसता.

तिसऱ्यात पाणी निघून गेलंय. उरलंय दोनच गोष्टींचं मिश्रण: बीजाणू, आणि त्यांच्यात गुंतलेले कोरडे, लवचीक, तपकिरी धागे. या धाग्यांच्या जाळ्याला कॅपिलिशियम म्हणतात. भुकटी चिमटीत धरून बोटांवर चोळा, कापसाच्या बारीक तंतूंसारखं काही तरी जाणवेल. ते हेच. गादीत कापूस भरलेला असला की दाबल्यावर ती परत फुगते, तसं हे जाळं गोळ्याला परत फुगवतं आणि सगळी भुकटी एकदम न सांडता थोडी थोडी सुटू देतं. तुमच्या तिसऱ्या गोळ्याच्या फोटोत माथ्यावर एक गोल भोक आहे. ते किड्याने पाडलेलं नाही, ते त्याचं तोंड आहे. आणि बुडाशी, भुकटीच्या खाली, स्पंजासारखा भाग आहे ना? त्यात बीजाणू कधीच धरत नाहीत. तो गराला जमिनीच्या ओलीपासून वर उचलून धरणारा पाट समजा. माथ्यावर तोंड आणि बुडाशी स्पंज, एवढ्यावरून मी याला लायकोपर्डॉन या प्रजातीतला म्हणेन. कॅल्व्हेशिया नावाचे मोठे भूकंदुक असतात, काही फुटबॉलएवढेही होतात. त्यांना असं तोंड नसतं. त्यांचं आवरण पापुद्र्यांनी गळून पडतं आणि उघडा पडलेला गर वारा नेतो.

तोंडवाल्या गोळ्यावर पावसाचा थेंब पडला की पातळ आवरण आत दबतं, आतली हवा तोंडातून सुटते आणि तिच्यासोबत बीजाणूंचा धूर वर येतो. लोहाराचा भाताच तो. १९४९ साली ग्रेगरी या इंग्रज शास्त्रज्ञाने अतिवेगवान चित्रीकरण करून हे टिपलं. खानदेशात पाऊस कमी, पण पडतो तेव्हा टपोऱ्या थेंबांनी पडतो, आणि निंबाच्या फांदीवरून ठिबकणारे थेंब तर आणखी जड. झाडाखालचा गोळा म्हणूनच सोयीच्या जागी असतो. तुमच्या पोरांचे पाय जे एका दणक्यात करतात, ते पाऊस दिवसभरात शंभर वेळा, हळूहळू करतो.

एका गोळ्यात बीजाणू किती? बुलर या शास्त्रज्ञाने १९०९ साली सुमारे ४० सेंटीमीटर लांबीच्या एका महाकाय भूकंदुकाचा हिशेब केला होता: ७ लाख कोटी. तुमच्या लिंबाएवढ्या गोळ्यात अर्थात याहून पुष्कळ कमी, तरी मोजण्यापलीकडचे. आणि एवढे असूनही पुढच्या वर्षी बांधावर गोळ्यांचा खच पडत नाही, कारण यांतला जवळपास प्रत्येक बीजाणू वाया जातो. प्रयोगशाळेतसुद्धा भूकंदुकांचे बीजाणू रुजवणं फार अवघड आहे.

तुम्ही विज्ञान शिकवता आणि शाळेत साधा सूक्ष्मदर्शक आहे असं लिहिलंत, म्हणून एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मी विद्यार्थी असताना भूकंदुकाची भुकटी काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात टाकली आणि दिसलं काय, तर नुसते हवेचे काळे बुडबुडे. दोन दिवस मी सूक्ष्मदर्शकालाच दोष देत होतो. हे बीजाणू पाण्याने भिजत नाहीत, अळूच्या पानासारखे पाणी झटकतात. आधी स्पिरिटचा एक थेंब टाका, तो उडत आला की पाणी घाला, मग काच ठेवा. लायकोपर्डॉनचे बीजाणू गोल आणि फार लहान, साधारण ४ मायक्रॉनचे, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अडीचशे रांगेत बसतील. चांगल्या भिंगाखाली त्यांच्या अंगावर बारीक काटे दिसतात. मधूनमधून जाडसर तपकिरी धागे दिसले की ते कॅपिलिशियम.

आता खाण्याचा प्रश्न. इथे मी हात आखडता घेणार आहे आणि त्याची कारणं सांगणार आहे.

खऱ्या भूकंदुकांपैकी बरेच, गर पूर्ण पांढरा असेतो, जगात अनेक ठिकाणी खाल्ले जातात. पिवळटपणाची झाक आली की ते खाण्याजोगे राहत नाहीत, पोट बिघडतं. पण पांढरा गोळा दिसला म्हणजे तो भूकंदुकच, असं नाही. याच वेळी, झाडांखाली स्क्लेरोडर्मा येतो. दिसायला भाऊच वाटतो, पण नात्याने दूरचा आणि विषारी. त्याची साल जाड, चामड्यासारखी, दाबली तर कडक लागते. चिरला की अगदी कोवळेपणीच गर पांढरा असतो, लवकरच जांभळट काळा होतो आणि त्यात संगमरवरासारख्या पांढऱ्या शिरा दिसतात. वास रबरासारखा उग्र. तो झाडांच्या मुळांशी भागीदारी करून जगतो, म्हणून निलगिरीच्या लागवडीत किंवा वनविभागाच्या रोपवनात जास्त सापडतो. हा पोटात गेला की अर्ध्या तासापासून काही तासांत उलट्या, पोटात मुरडा आणि घाम सुरू होतो. गर कोवळा पांढरा असतानाचा स्क्लेरोडर्मा आणि भूकंदुक यांत फरक करताना चुकलेली माणसं मी पाहिली आहेत. ती चांगली जाणती, रानात वाढलेली माणसं होती.

यापेक्षा मोठा धोका कळ्यांचा. अमानिटा नावाच्या छत्र्या जमिनीतून वर येताना आधी अंड्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. त्यांतल्या काही जाती यकृत निकामी करून माणूस मारतात, आणि त्रास सुरू व्हायलाच बरेच तास लागतात, तोवर विष अंगात भिनलेलं असतं. क्लोरोफायलम नावाची मोठी पांढरी छत्री पावसाळ्यात गवताळ माळावर सर्रास येते, तिचीही कळी चेंडूसारखी दिसते. ती मारत नाही, पण उलट्यांनी बेजार करते. म्हणून गोळा नेहमी उभा चिरायचा, माथ्यापासून बुडापर्यंत, बरोबर मधोमध. आडवा चिरला तर फसगत होते. उभ्या कापात छत्रीची, दांड्याची किंवा पट्ट्यांची पुसटशी जरी रेघ दिसली तरी ते भूकंदुक नव्हे. भूकंदुकाच्या वरच्या भागात कसलंही चित्र नसतं, नुसता एकसारखा पांढरा गर. तुम्ही पहिला गोळा उभा चिरलाय आणि फोटोत तो स्वच्छ दिसतोय, तरीही फोटो पाहून 'खा' असं मी कुणालाच सांगत नाही. शिवाय तुमचा बांध कपाशीचा. त्यावर औषधफवारणी होते, आणि भूकंदुक जमिनीतले जड धातू अंगात साठवतात हे तपासून सिद्ध झालेलं आहे. बांधावरचे गोळे राहू द्या.

ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अळंबी खाण्याची रीत आहे, त्यांचं ज्ञान मात्र मी फार मानतो. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये बोडा आणि झारखंडमध्ये रुगडा म्हणून जी गोल अळंबी पहिल्या पावसात बाजारात येते आणि मटणाहून महाग विकली जाते, ती ॲस्ट्रिअस. कडक साल, आत गर. तिथल्या बाया एकेक गोळा दाताने किंवा नखाने फोडून गर पांढरा आहे का ते बघतात, काळा पडलेला बाजूला टाकतात. गराचा रंग म्हणजे वय, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. ही अळंबी सालवृक्षांच्या जंगलात येते. आपला सातपुडा सागाचा आहे, साल इथवर पोचत नाही, म्हणून यावल-पालच्या किंवा तोरणमाळच्या रानात बोडा शोधत फिरू नका.

आपल्याकडे असा गर बघायचाच तर वारुळावर शोधा. कोरड्या, उघड्या माळावरच्या वारुळावर पावसानंतर मिटलेल्या छत्रीसारखी एक उंच अळंबी येते, पोडॅक्सिस. लोकांना वाटतं ती अजून उमलायची आहे. ती कधीच उमलत नाही. तिच्या मिटलेल्या टोपीच्या आत पट्ट्या नसतात, गर असतो, आणि दांडा थेट त्या गरातून माथ्यापर्यंत गेलेला असतो. कोवळेपणी गर पांढरा, मग लालसर, मग काळपट तपकिरी भुकटी. टोपीची कड खालून सुटते आणि वारा ती भुकटी नेतो. १७७१ मध्ये लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने हिला पहिल्यांदा शास्त्रीय नाव दिलं ते भारतातून गेलेल्या नमुन्यावरून, आणि त्याने तिला भूकंदुकांतच घातलं होतं. दांडा असूनही त्याने छत्री न म्हणता भूकंदुक म्हटलं, कारण त्याने आत पाहिलं. ऑस्ट्रेलियातले आदिवासी तिची भुकटी केसांना रंग म्हणून लावत. याच वारुळांवर दुसरीही एक अळंबी येते, टर्मिटोमायसिस, जी चवीने खाल्ली जाते. तिला पट्ट्या असतात आणि दांडा खोल मुळासारखा जमिनीत जातो. या दोघींची गल्लत करू नका.

गराचं आणखी एक रूप तुमच्या शेणखताच्या उकिरड्यावर हमखास सापडेल. केळीची जुनी खुंटं, कुजलेल्या काटक्या, वाळलेलं शेण यांवर पोरांच्या भातुकलीतल्या वाटीएवढ्या, किंबहुना त्याहूनही लहान, राखाडी वाट्या येतात आणि प्रत्येक वाटीत मसुराच्या डाळीएवढ्या चपट्या गोळ्या असतात. अगदी पक्ष्याचं घरटं. हा सायथस. यात गर सगळा एकत्र भुकटी होत नाही, तो पुड्या बांधून ठेवतो. प्रत्येक चपटी गोळी म्हणजे बीजाणूंनी भरलेली एक पुडी. टपोरा थेंब वाटीत पडला की वाटीच्या उताराने पाणी जोरात वर येतं आणि पुडी घेऊन मीटरभराहून लांब फेकलं जातं. पुडीच्या बुडाशी गुंडाळलेला एक चिकट दोरा असतो. फेकली जाताना तो सुटतो, वाटेतल्या गवताच्या काडीला लागतो आणि पुडी काडीभोवती गुंडाळून बसते. गवत गुरं खातात, पुडी शेणात येते, शेण पुन्हा उकिरड्यावर. मी विद्यार्थ्यांना वाटीसमोर पांढरा कागद धरून वरून ड्रॉपरने पाणी सोडायला लावायचो. तुमच्या सहावी-सातवीच्या मुलांनाही हे जमेल, आणि धूर उडवण्यापेक्षा यात त्यांना जास्त मजा येईल.

केळीच्या बागेत किंवा बांबूच्या बेटात पावसाळ्यात मेलेल्या उंदराचा वास आला आणि उंदीर सापडला नाही, तर जमिनीकडे बघा. फॅलस असतो. त्याचं अंड चिरलं तर आत मऊ जेलीचा थर आणि मधोमध हिरवट गर. हाच गर पुढे दांड्याच्या टोकावर चिकट लेपासारखा उघडा पडतो. माश्या तो चाटून नेतात आणि बीजाणू त्यांच्या पोटातून सहीसलामत बाहेर पडतात. एका जातीला दांड्याभोवती पांढऱ्या जाळीचा घागरा असतो. दिसायला इतकी देखणी दुसरी अळंबी मी पाहिलेली नाही. चीनमध्ये ती लागवड करून खातात, पण गराचा लेप धुऊन टाकल्यावरच.

इतकी सगळी मंडळी गर आत धरतात म्हणून १९व्या शतकापासून त्यांना एकाच वर्गात घातलं होतं, उदरकवक, म्हणजे पोटात बीजाणू धरणारे. मीही विद्यार्थी असताना तसंच शिकलो आणि पुढे बरीच वर्षं तसंच शिकवलं. डीएनए तपासल्यावर हा वर्ग मोडला. लायकोपर्डॉन आणि पोडॅक्सिस निघाले बाजारातल्या बटण अळंबीच्या कुटुंबातले. स्क्लेरोडर्मा निघाला, छत्रीखाली पट्ट्यांऐवजी छिद्रं असणाऱ्या बोलीटसच्या घरातला. फॅलस आणि जमिनीवर चांदणीसारखा उमलणारा जिॲस्ट्रम यांची शाखा आणखी वेगळी. म्हणजे दार बंद करून गर आत धरण्याची युक्ती वेगवेगळ्या घराण्यांनी आपापली शोधली, आणि एकदा नव्हे, पुष्कळ वेळा. वरून भाऊ वाटणारे स्क्लेरोडर्मा आणि भूकंदुक ताटात इतके वेगळे का वागतात, ते यावरून समजेल.

आता पोरांचं. उघड्या रानात एखादा गोळा पायाखाली फुटला आणि धूर उडाला तर घाबरायचं कारण नाही. पण ती भुकटी मुद्दाम नाकाशी नेणं, तोंडात फुंकणं, बंद खोलीत उडवणं हे धोक्याचं आहे. ४ मायक्रॉनचा कण श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो, आणि सोबत ते धागे. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ८ तरुणांनी भूकंदुकांची भुकटी हुंगली आणि चघळली. पुढच्या काही दिवसांत ताप, खोकला, धाप लागून त्यांतल्या ५ जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, दोघांना कृत्रिम श्वास द्यावा लागला. सगळे वाचले. तेव्हा मुलांना सांगा: गोळा काठीने दाबायचा, वारा पाठीमागून येईल असं उभं राहायचं आणि तोंड बंद. दमा असलेल्या मुलाला लांबच ठेवा. गोळे दाबल्यावर आठवड्याभरात कुणाला ताप आणि धाप लागली तर डॉक्टरांना भुकटीचं आवर्जून सांगा, नाही तर ते न्यूमोनिया समजून औषध देतील. जखमेवर ही भुकटी दाबायची जुनी रीत बऱ्याच देशांत होती, रक्त थांबतं म्हणून. ते आता करू नका, भुकटीबरोबर माती आणि जंतूही जखमेत जातात.

आणि सासऱ्यांना सांगा, कपाशीला यापासून काही होणार नाही. कपाशीची मर फ्युजेरियम नावाच्या बुरशीने येते, तिचा या गोळ्यांशी संबंध नाही. बांधावरचा लायकोपर्डॉन निंबाचा पालापाचोळा आणि मेलेली मुळं कुजवून जगतो. जिवंत झाडाला तो हात लावत नाही. उपटून टाकायची गरज नाही.

आता 'बहुधा' का म्हटलं ते. पहिल्या आणि तिसऱ्या गोळ्याचे उभे काप फोटोत आहेत, दुसऱ्याचा फक्त बाहेरचा फोटो आहे आणि आतलं वर्णन तुम्ही शब्दांत केलंय. हिरवट, ओला, वासाचा, हे पिकत्या लायकोपर्डॉनला लागू पडतं आणि फॅलसच्या अंड्यालाही. तुम्ही 'बुळबुळीत' असाही एक शब्द लिहिलाय आणि त्यावरच मी अडलोय. लायकोपर्डॉनचा लगदा ओल्या स्पंजासारखा असतो, बुळबुळीत नसतो. जेली असेल तर तुमच्या निंबाखाली दोन वेगळी बिऱ्हाडं आहेत. पुन्हा पाऊस झाला की तसा गोळा शोधा, मधोमध उभा चिरा, दोन्ही अर्धांचा फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा आणि सालीच्या आत जेलीचा थर आहे का ते बोटाने बघा. एक अर्ध सावलीत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, त्यात घाम येऊन नमुना खरंच सडतो. पाकिटावर तारीख, शेताचं नाव आणि जवळ कोणतं झाड होतं ते पेन्सिलीने लिहा. दुसरा अर्ध तिथेच बांधावर ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. माश्या बसल्या असतील तर लगेच कळवा.